चाकाला लावलेला दगड

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, वय विचारू नका. माझ्या सांगाड्यावर एक आकडा कोरलेला होता, त्याच्यावर तीन वेळा रंग चढला, आणि आता तो मलाही वाचता येत नाही. माझ्या घंटीतला खटका पडून गेला त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. त्यामुळे आयुष्यात मी जे जे पाहिलं, ते वेळेवर कुणाला सांगता आलं नाही. आता सांगते. आता घाई कुणालाच नाही.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मी सुटी सुटी आले, चाकं एका खोक्यात आणि हँडल दुसऱ्यात, आणि पुण्याच्या एका दुकानात मला जोडलं. जन्माआधीच एवढा प्रवास केलेलं मूल तुमच्या वर्गात नसेल. पहिली आठ वर्षं मी दौंडला एका रेल्वेच्या गार्डाकडे होते. तो मला रोज पुसायचा आणि आठवड्यातून एकदा चालवायचा. ती माझी कौतुकाची वर्षं. मग त्याची बदली झाली आणि मी खुटबावच्या सिद्दीककडे आले. सिद्दीक मला रोज चालवायचा आणि ईदच्या आदल्या दिवशी पुसायचा.

सिद्दीक कल्हईवाला होता. भाता, कोळसा आणि नवसागराची पुडी कॅरिअरवर बांधून तो गावोगाव हिंडे आणि बायकांच्या काळ्या पडलेल्या पातेल्यांना आतून चांदीसारखं करून देई. माझं स्टँड त्यानंच मोडलं. नंतर ते नीट करायचं तो रोज ठरवत असे, आणि ठरवून झालं की मला भिंतीला टेकवून जेवायला जाई. लक्षात ठेवा, मित्रांनो, मला स्टँड नव्हतं. पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

त्याच गावात भिमाजीआबा नावाचे एक म्हातारे धनगर राहत. पूर्वी त्यांचा मोठा कळप होता, पुढे शेती लागली, तरी दहा-पंधरा मेंढरं त्यांनी सोडली नव्हती. मला पाहिलं की ते थांबत, काठी दोनदा जमिनीवर आपटत आणि म्हणत, "सिद्दीक, ह्ये जनावर खरं न्हाई. चार पाय न्हाईत, आन् उभं केलं तर पडतंय."

"आबा, चारा पण लागत नाय," सिद्दीक म्हणे.

"म्हनून तर म्हंतोय, खरं न्हाई."

माझ्याबद्दल इतकं स्पष्ट मत कुणी दिलं नव्हतं. मला ते म्हातारे आवडत.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या पौषात भिमाजीआबा गेले. सकाळी मेंढरं मोजली आणि तिथेच बसल्या बसल्या गेले. घरात त्यांची बायको कुशाबाई आणि मुलगा ज्ञानू. ज्ञानू सिद्दीकचा लहानपणापासूनचा दोस्त. भावकीत निरोप द्यायचे, सामान आणायचं, हजार कामं. सिद्दीकनं मला ज्ञानूच्या दारात आणून लावलं आणि सांगितलं, "दहा दिवस ठेव. माझे पाय आहेत."

आता एक गोष्ट समजून घ्या. माणूस गेला की त्याच्या चितेभोवती खांद्यावर मडकं घेऊन फिरतात, आणि एका दगडानं त्या मडक्याला भोकं पाडतात. तो दगड टाकून देत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या दगडात राहतो, असं मानतात. दहाव्या दिवशी तो नदीवर न्यायचा, त्याच्यापुढे भाताचे पिंड मांडायचे, आणि कावळा पिंडाला शिवला की दगड पाण्यात सोडायचा. माणूस सुटला. पण तोवर तो दगड घरात आणायचा नसतो. आणि हरवायचा तर नसतोच नसतो.

ज्ञानूनं तो पांढऱ्या फडक्यात बांधून आधी दारातल्या बाभळीला टांगला. दुसऱ्या दिवशी शेळीनं फडक्याचं टोक चघळलं. मग त्यानं तो मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणात खोचला, तिथे कावळ्यानं आठ दिवस आधीच चौकशी सुरू केली. शेवटी ज्ञानूनं इकडेतिकडे पाहिलं, माझ्या सीटखालच्या चामड्याच्या पिशवीचं बक्कल उघडलं आणि दगड आत ठेवला. घराच्या बाहेर, आणि कुणाचा हात लागणार नाही अशा जागी. विचार चांगला होता.

त्या संध्याकाळपासून माझ्या पिशवीत एक पाना, एक रबराचा तुकडा, सोल्युशनची नळी आणि भिमाजीआबा असे चौघे राहू लागले.

मित्रांनो, सायकलीला दुसरं काही कळत नसेल, वजन कळतं. दगड अर्ध्या शेराचा होता. पण दुसऱ्या सकाळी ज्ञानू मला घेऊन निघाला, तेव्हा माझ्या मागच्या चाकावर माणसाएवढं वजन होतं. कॅरिअर रिकामं होतं. ज्ञानू उतरला, टायर दाबून पाहिलं, हवा भरली, पुन्हा निघाला. वजन तसंच. ओल्या घोंगड्याचा वास येत होता, आणि पाऊस तर दिवाळीनंतर पडलेला नव्हता. घरचं म्हातारं कुत्रं माझ्या मागे मागे वेशीपर्यंत आलं. ते ज्ञानूकडे पाहत नव्हतं. त्याच्या पाठीमागे, कॅरिअरच्या थोडं वर पाहत होतं आणि शेपटी हलवत होतं.

मी गप्प राहिले. घंटी वाजत नव्हती, हे मी सांगितलंच.

नवव्या दिवशी सिद्दीक ज्ञानूच्या दारात आला. ज्ञानूची बहीण म्हाळसा डोंगरावरच्या वस्तीत दिली होती. बाप गेल्याचं तिला कळलं होतं, पण दहावा कुठे आणि किती वाजता, हा निरोप अजून पोचला नव्हता.

"तू सुतकात आहेस, घरी थांब," सिद्दीक म्हणाला. "म्हाळसाकडे मी जातो."

"डोंगर हाय त्यो. चढशील का?"

"सायकल चढंल. मी नुसता वर बसणार."

हा विनोद मी पुढे पस्तीस वर्षं ऐकला. ज्ञानू त्या दिवशी पहिल्यांदा हसला, आणि हसण्याच्या नादात माझ्या पिशवीत काय आहे ते सांगायचं विसरला.

डोंगर खुटबावच्या दक्षिणेला, यवतच्या पलीकडे. नाव सांगत नाही. नावं सांगितली की लोक सहली काढतात. वर गेलं की पश्चिमेला पंचवीस मैलांवर पुणं आहे, आणि अंधार पडला की त्याच्या दिव्यांचा पिवळसर उजेड आभाळाला लागलेला दिसतो, असं वस्तीवरचे लोक सांगतात. खालून वर एक गाडीवाट जाते. लाल मुरूम, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं आणि दगड. मोजायला बसलात तर शाळा सुटेल इतके दगड.

सिद्दीक भर दुपारी चढाला लागला. वारा नव्हता. पक्षी नव्हता. आणि बघा, चढावर जो माणूस मला हातात धरून ओढत नेतो, तो सिद्दीक त्या दिवशी सीटवरून उतरलाच नाही. पायडल सहज फिरत होतं. मागचं वजन तसंच होतं, पण ते आता खाली ओढत नव्हतं. कुणीतरी ओळखीच्या रस्त्यानं घरी निघाल्यासारखं ते पुढे झुकलं होतं.

"आज ताकद आलीय मला," सिद्दीक स्वतःशी म्हणाला. माणसाला अशा वेळी हेच वाटतं.

अर्ध्या वाटेत मेंढरांचा कळप चरत होता. आम्ही आलो तशी मेंढरं दोन बाजूंना झाली. आम्ही गेलो. मग एकेका मेंढरानं चरणं थांबवलं, मान वळवली, आणि सगळा कळप वाटेवर येऊन आमच्या मागे चालू लागला. हाक नाही, शीळ नाही. दीडशे मेंढरं आणि खुरांशिवाय आवाज नाही. सिद्दीकनं एकदा मागे पाहिलं. नंतर पाहिलं नाही. कलमा मात्र म्हटला, तो मला ऐकू आला.

वस्तीच्या खाली उतारावर त्याला मला उभं करायचं होतं. भिंत नाही, झाड नाही, स्टँड तर नाहीच. एका बुटक्या झुडपाला त्यानं मला कसंबसं टेकवलं, तर मी मागे घसरू लागले. पाना काढून कुठे अडकवता येतो का पाहावं म्हणून त्यानं पिशवी उघडली आणि आतून फडक्यात बांधलेला दगड निघाला.

सिद्दीकचं तोंड उजळलं. "वा रे ज्ञानू!" तो म्हणाला. "डोकं बघा. स्टँड नाय म्हणून चाकाला लावायला दगड सोबत ठेवलाय. तो पण गुंडाळून!"

डोंगरावर दगडांना तोटा नव्हता, हे त्याला सुचलं नाही. दोस्तानं आपल्यासाठी काही केलंय असं वाटलं की माणूस फार विचार करत नाही. त्यानं फडकं सोडलं, दगड माझ्या मागच्या चाकाला लावला, फडक्यानं माझी साखळी पुसली आणि वस्तीवर गेला. म्हाळसा रडली, मग तिनं चहा केला. दोन तास गेले.

ते दोन तास मी कुणाला सांगितलेले नाहीत. मेंढरं माझ्याभोवती उभी राहिली. जवळ आली नाहीत आणि दूरही गेली नाहीत. मागचं सगळं वजन कॅरिअरवरून उतरून चाकाखाली गेलं होतं. तसूभर हलता येत नव्हतं. आणि खालून, अगदी जमिनीलगत, दोनदा ठक ठक असा आवाज आला. काठी आपटल्यासारखा. मला हलणं शक्य नव्हतं, म्हणून थरथरले. स्पोकचा आवाज झाला तेवढाच.

सिद्दीक आला, मला उचललं, वळवलं आणि उतारावरून सोडलं. दगड वाटेवरच राहिला.

खाली येताना मी इतकी हलकी होते की मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता सिद्दीकची बायको गुलशन दाराशी मला झाडूनपुसून ठेवत होती. ज्ञानूच्या बापाचा दहावा, सायकल चांगली दिसावी. हँडलला अडकवलेलं फडकं तिनं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि घरात हाक मारली.

"ओ, ये कपडा कहाँ से लाये?"

"ज्ञानूनं पिशवीत ठेवला होता. साखळी पुसली."

"कोरा कपडा है. गाठ का निशान है. राख लगी है." तिचा आवाज बारीक झाला. "ये साखळी पुसने का कपडा नहीं."

तेवढ्यात ज्ञानू आला. अनवाणी, अंगावर उपरणं. सरळ माझ्यापाशी येऊन त्यानं पिशवी उघडली. पाना बाहेर काढला. रबर काढलं. नळी काढली. मग पिशवीत हात घालून तसाच उभा राहिला.

"सिद्दीक, दगड कुठंय?"

"कुठला?"

"फडक्यातला."

"अरे तो! लई उपयोगी पडला. चाकाला लावला. तू पण कमाल केलीस ज्ञानू, आधीच..." आणि मग त्यानं ज्ञानूचं तोंड पाहिलं.

"सिद्दीक," ज्ञानू म्हणाला, "त्यो आबा व्हता."

गुलशननं पदर तोंडाला लावला. सिद्दीक ओट्यावर बसला.

"नदीवर समदी जमतील धापर्यंत," ज्ञानू म्हणाला. "वडगाव रासाईहून मामा येनार. दगड नसला तर कावळा शिवनार न्हाई. आबा आडकंल. आयेला काय सांगू? तिनं दहा दिवस धड घास घेतला न्हाई. म्हंती, त्यो सुटला की जेवीन."

"चल," सिद्दीक म्हणाला.

"कुठं?"

"वर. बस मागं."

मित्रांनो, मी त्या दिवशी धावले तशी नंतर कधी धावले नाही. डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि धुकं लागलं. पौषातलं धुकं तुम्ही पाहिलं असेल, पण डोंगरावरचं वेगळं. ते येत नाही, ते बसलेलं असतं. माझं पुढचं चाक मला दिसेना. दोघं उतरले आणि मला हातात धरून चढू लागले. दहा पावलांवर एक दगड दिसे, ज्ञानू वाके, हातात घेई, फिरवून पाही, ठेवून देई. पुढे दुसरा. पुढे तिसरा.

"कसा व्हता रं? तू बघितलास का नीट?"

"दगडासारखा होता."

"मी बी त्या दिवशी डोळ्यात पानी घिऊनच उचलला," ज्ञानू म्हणाला. "सिद्दीक, मला माझा बाप वळखू येईना."

सिद्दीकनं वाकून पुढचा दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला.

अर्ध्यावर आलो आणि धुक्यातून आवाज आला, "हिर्र्रऽ... हो. हिर्र्रऽ... हो."

ज्ञानू जागच्या जागी थांबला. मेंढरं वळवायची ती हाक होती. प्रत्येक धनगराची वेगळी असते, आणि ही कुणाची ते ज्ञानूला सांगावं लागलं नाही. तो आवाजाच्या मागे चालू लागला. सिद्दीक मला ओढत त्याच्या मागे. हाक पुढे जाई, थांबे, आम्ही जवळ गेलो की पुन्हा पुढे.

मग ती थांबली. समोर धुकं पांढरं होतं, आणि त्यातला काही भाग जास्त पांढरा होता. ती मेंढरं होती. दीडशेच्या दीडशे, गोल करून खाली बसलेली. तोंडं सगळ्यांची आत. एकही चरत नव्हतं, एकही रवंथ करत नव्हतं. मधे हातभर जागा मोकळी, आणि त्या जागेत एक दगड.

आमच्या बाजूला कुणीतरी खोकलं. घोंगडं पांघरलेली एक म्हातारी उभी होती. म्हाळसाची सासू, दगडाबाई.

"ज्ञानू व्हय रं?" ती म्हणाली. "म्हाळसा आन् तिचा दाल्ला तांबडं फुटायच्या आत गेली नदीला. मी मेंढरं सोडाया आले तर ही समदी वाडा मोडून हितं यून बसल्यात. उठनात. काठी घातली तरी उठनात." तिनं ज्ञानूकडे निरखून पाहिलं. "तुमचं कायतरी हितं ऱ्हायलंय का?"

"व्हय," ज्ञानू म्हणाला.

"मंग घिऊन जा बाबा. मेंढरं उपाशी हायती."

ज्ञानू मेंढरांतून आत गेला. त्यानं वाकून दोन्ही हातांनी दगड उचलला आणि छातीशी धरला. त्याबरोबर सगळी मेंढरं एकदम उठली, अंग झाडलं आणि चरायला लागली. जसं काही झालंच नव्हतं.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती मी आजवर पोटात ठेवली. तो दगड खरा नव्हता.

माझं मागचं चाक त्या खऱ्या दगडाला दोन तास टेकून होतं. तो लांबट होता, आणि त्याच्या एका कडेला मडक्याच्या खापराचा तांबडा ओरखडा होता. ज्ञानूनं उचलला तो वाटोळा आणि साफ. खरा दगड बारा पावलं खाली, वाटेच्या कडेच्या चरात पडला होता. येताना अगदी त्याच्या अंगावरून गेले, तेव्हाच मी त्याला पाहिलं होतं. माझी घंटी वाजत असती तर वाजवली असती.

पण मेंढरं चुकली नव्हती. मेंढरं दगडाभोवती बसलीच नव्हती. भिमाजीआबा चाकाखालून उठून वर आले होते आणि त्या वाटोळ्या दगडावर बसले होते. मेंढरं त्यांच्याभोवती बसली होती. हे मला कसं कळलं? ज्ञानू दगड घेऊन कॅरिअरवर बसला, तेव्हा तो एकटा बसला नाही. माझा मागचा टायर रिमपर्यंत दबला.

उतार सुरू झाला. पुढे सिद्दीक, मागे ज्ञानू, आणि मागच्याही मागे ओल्या घोंगड्याचा वास. तिसऱ्या वळणावर माझ्या ब्रेकचं रबर निखळून उडालं. समोर वळण, आणि वळणाच्या पुढे धुकं. नुसतं धुकं. खाली काय आहे ते मला दिवसा पाहून माहीत होतं. सिद्दीकनं दोन्ही पाय जमिनीला लावले, चपला फाटल्या, मी थांबेना. तेवढ्यात अगदी कानाशी ठक ठक असा आवाज झाला, आणि मागून कुणीतरी मला धरलं. मेंढराचा मागचा पाय धरतात तसं. मी थांबले. पुढचं चाक कडेवर होतं आणि फिरत होतं.

सिद्दीकनं मला पावलापावलानं मागे ओढलं.

"तू धरलंस का?" सिद्दीकनं विचारलं.

"माझ्या हातात दगड हाय," ज्ञानू म्हणाला.

पुढे दोघं चालत उतरले. मलाही चालतच नेलं. कॅरिअर रिकामं होतं. हलकं नव्हतं.

नदीवर आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. भावकी बसलेली, न्हावी हजामतीला थांबलेला, म्हाळसा आईच्या पाठीशी. कुशाबाई पाण्याकडे तोंड करून बसली होती. सिद्दीकनं मला लांब एका करंजाच्या झाडाला टेकवलं आणि तो तिथेच उभा राहिला.

ज्ञानूची हजामत झाली. दगडाला आंघोळ घातली. पिंड मांडले. सगळे मागे सरले. करंजावर, पलीकडच्या बाभळीवर, वाळूवर कावळेच कावळे. एकही पुढे येईना.

"आबा, मेंढरं इकनार न्हाई," ज्ञानू हात जोडून म्हणाला. कावळे बसून. "म्हाळसाला दर दिवाळीला आनीन." कावळे बसून. "आयेला अंतर देनार न्हाई." एका कावळ्यानं मान वाकडी केली आणि परत सरळ केली.

"जित्तेपनी बी असाच रुसायचा दाजी," वडगावचे हौशीराममामा म्हणाले. हे कुशाबाईचे भाऊ, तोंडानं तिखट. "माझ्या लग्नात दोन दिस जेवला न्हाई. का, तर म्हनं घोंगडं घातलं त्याला उसवन व्हती."

ऊन डोक्यावर येत होतं. कुशाबाई हलली नाही. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. आणि एक मोठा काळा कावळा उडाला, पिंडावरून गेला, आणि सरळ येऊन माझ्या हँडलवर बसला. तो माझ्या कॅरिअरकडे पाहत होता. जमलेले सगळे कावळ्याकडे पाहत होते. म्हणजे सिद्दीककडेच.

सिद्दीकनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पुढे आला. पिंडांपासून चार हात लांब थांबला.

"आबा," तो म्हणाला, "माफी करा. मी तुम्हाला चाकाखाली लावलं."

"काय म्हनला ह्यो?" हौशीराममामा उठले.

"काल डोंगरावर. दगड पिशवीत होता. मला माहीत नव्हतं. मी सायकलच्या चाकाला लावला आन् तिथंच विसरून आलो. आज सकाळी जाऊन आणला. ज्ञानूनं कुणाला सांगितलं नाय ते माझी लाज राखायला."

"चूक माझी हाय मामा," ज्ञानू म्हणाला. "पिशवीत म्या ठिवला."

"अरं, बापाचा जीव सायकलीच्या पिशवीत? आन् वर चाकाखाली?" मामांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. "दाजीचं नशीबच..."

"हौशा, गप," कुशाबाई म्हणाली.

ती पहिल्यांदाच बोलली होती. तिनं वळून सिद्दीककडे पाहिलं.

"किती येळ व्हता चाकाखाली?"

"दोन तास, मावशी."

"उतार व्हता?"

"व्हय मावशी. चांगला उतार."

"मंग सायकल हालली का?"

सिद्दीकनं जरा आठवून पाहिलं. "न्हाई मावशी. तसूभर न्हाई."

कुशाबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "झालं तर. त्यानं धरलेलं कवा सुटलं न्हाई," ती म्हणाली. मग पाण्याकडे वळून, घरात कुणाला सांगावं तसं म्हणाली, "आता सोडा म्हनं. पोरांनी कबूल केलंय. आन् मला भूक लागलीय."

मित्रांनो, माझ्या सीटखालची स्प्रिंग करकरली. बसलेला माणूस हळूच उठला की करकरते तशी. मागचा टायर बोटभर वर आला. ओल्या घोंगड्याचा वास माझ्यावरून पुढे गेला, सिद्दीकच्या अंगावरून गेला, कारण त्यानं दचकून खांद्याला हात लावला, आणि नदीकडे गेला. हँडलवरचा कावळा त्याच्या मागे उडाला. पिंडाला शिवला, आणि मग बाकीचे शंभर कावळे एकदम खाली आले.

ज्ञानूनं तो वाटोळा दगड पाण्यात सोडला. डोंगरावरचा एक भलताच दगड केवढ्या मानानं नदीत गेला! सिद्दीक आणि ज्ञानू दोघंही त्याच विश्वासानं जगले आणि त्याच विश्वासानं म्हातारे झाले. कुशाबाई त्या दिवशी दोन भाकरी जेवली.

सिद्दीकनं दुसऱ्या दिवशी मला नवं स्टँड बसवलं. ब्रेकची रबरंही घातली. पुढे त्याच्या पोरांच्या हाती मी फिरले, मग कुणी फटफटी घेतली, आणि आता मी गोठ्याच्या मागे उभी आहे. साखळी गंजली, सीटवर कोंबडी बसते. माझी तक्रार नाही. तेलाचा थेंब मिळाला तर आवडेल, हे मात्र सांगून ठेवते.

तक्रार आहे ती दुसरी. त्या डोंगरावर आता डांबरी सडक झाली आहे. मोटारी जातात, ट्रक जातात. चढावर गाडी थांबली की क्लीनर खाली उडी मारतो, हाताला येईल तो दगड उचलतो, चाकाला लावतो. काम झालं की दगड तिथेच, भर रस्त्यात, आणि गाडी पुढे. त्या दगडावर मागून येणारा एखादा सायकलवाला पडतो. तर मित्रांनो, मोठेपणी तुमच्या गाड्या होतील, तेव्हा एवढं करा. चाकाला लावलेला दगड काढून कडेला ठेवा. फेकू नका, ठेवा. आणि ठेवताना हळूच "माफ करा" म्हटलंत तर तुमचं काही जाणार नाही. लोक हसतील, हसू द्या. तो ऐकेल की नाही, ही शंका तुम्हाला येईल. मला येत नाही.